हळूबाईंची चौकडी

हळूबाईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. बाकी जगात त्या हळूबाई. हे नाव कुणी ठेवलं यावर प्रयोगशाळेत दोन मतं होती, पण ते चुकीचं ठेवलं असं म्हणणारा एकही माणूस सापडला नसता. त्या जिना हळू चढत, चहा हळू पीत, आणि बोलताना मनासारखा शब्द मिळेपर्यंत समोरच्याला तिष्ठत ठेवत. त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षा आहे असं त्यांचा नवरा चारचौघांत सांगायचा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, म्हणजे स्वतःही काही वाऱ्यावर स्वार होणारा गडी नव्हता. पण बायकोनं लिंबं निवडायला घेतली की तो भाजीवाल्याकडून स्टूल मागून घ्यायचा आणि बसायचा.

त्यांना या मंदपणाबद्दल कुणी टोकलं तर त्या चिडत नसत. "घाईनं झालेलं एक तरी चांगलं काम सांग," एवढंच म्हणायच्या. समोरचा डोकं खाजवत बसे आणि हळूबाई आपल्या कामाला लागत. आता घाईनं झालेली चांगली कामं जगात पुष्कळ असतील, पण ऐन वेळी आठवत नाहीत हेही खरंच.

आणि दैव कसं पाहा, इतर कुठंही जो दुर्गुण ठरला असता तो यांच्या नोकरीत गुण ठरला. काम काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचा नमुना बाहेर धरून उभी असते, तळहातावर ठेवून दाखवावा तसा. रक्तातल्या टी पेशी गस्त घालत हे तळहात तपासत फिरतात. हातावर घरचाच माल असला तर पुढं जातात. विषाणूचा तुकडा दिसला तर त्या पेशीचा तिथल्या तिथं निकाल लावतात. पण प्रत्येक टी पेशीला ओळखता येतो एखादाच तुकडा. मग लाखो पेशींच्या गर्दीतून अमुक एका विषाणूला ओळखणाऱ्या मूठभर पेशी शोधायच्या कशा? त्यासाठी हळूबाईंच्या प्रयोगशाळेत तो तळहातच बनवायचे. प्रोटीनचा तळहात, त्यावर विषाणूचा तुकडा, असे चार तळहात एकत्र बांधलेले आणि सोबत चमकणारा रंग. नळीतल्या रक्तात हे सोडलं की ओळखणारी पेशी येऊन चिकटते आणि लेझरच्या उजेडात चमकते. एकट्या तळहाताची पकड लगेच सुटते, चार असले की टिकते. कागदोपत्री याला टेट्रामर म्हणत. प्रयोगशाळेत सगळे चौकडी म्हणत, आणि एखादी चौकडी बिघडली की तिची अर्थातच चांडाळचौकडी होई.

हळूबाईंच्या हातची चांडाळचौकडी आजवर कुणी पाहिली नव्हती. हा तळहात जिवाणूंकडून करून घेतात. बिचारे करतात, पण कसाही करतात, नुसता पांढरा घट्ट साका. तो धुवायचा, विरघळवायचा, आणि मग थंड खोलीत, संथ ढवळणाऱ्या द्रवात, विषाणूच्या तुकड्याच्या संगतीत थेंब थेंब सोडायचा. मग कुठं त्याची घडी नीट बसते. घाई केली की गुठळ्या. भर उन्हाळ्यात अंगावर दोन स्वेटर चढवून हळूबाई त्या थंड खोलीत थेंब सोडत बसत आणि येणाजाणारा दारातून "थेंबे थेंबे तळे साचे" म्हणून जाई. हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. हळूबाई प्रत्येकाला हसून दाद देत.

त्यांना एक भाऊ होता, पाठचा, धाकटा. फरश्या बसवायचं काम करायचा. अंगात पारा भरल्यासारखा माणूस. एका खोलीची फरशी बसवताना दुसऱ्या खोलीचं माप सांगायचा आणि तिसऱ्या घरच्या मालकिणीशी फोनवर भांडायचा. "ताई, तुझ्या वाट्याची घाई मीच घेऊन आलोय," असं तो म्हणायचा. आईवडील गेल्यापासून दोघांना एकमेकांशिवाय रक्ताचं कुणी नव्हतं. रविवारी तो बायकोसह बहिणीकडे जेवायला यायचा, सगळ्यांच्या आधी जेवून उठायचा आणि मग हळूबाईंचं जेवण संपेपर्यंत त्यांच्यासमोर बसून शहरभरच्या न्हाणीघरांच्या गोष्टी सांगायचा. हळूबाईंना त्या रविवारांइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं.

तो दमायला लागला तेव्हा आधी कुणाला पटलंच नाही. मग अंगावर काळेनिळे डाग उठले. मोठ्या इस्पितळात रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की हाडांतली मज्जा, जिथं रक्त तयार होतं, तीच बिघडली आहे. दुसऱ्या कुणाची तरी मज्जा घालावी लागेल.

"म्हणजे माझ्या आयुष्यातली मज्जाच गेली म्हणा की," धाकटा म्हणाला. त्याची बायको रडत होती, हळूबाई शब्द शोधत होत्या. डॉक्टरीणबाई मात्र फसकन हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून हळूबाईंना त्या आवडून गेल्या.

मज्जा कुणाचीही चालत नाही. जुळायला लागतात ते नेमके तेच तळहात, जे हळूबाई इतकी वर्षं बनवत आल्या होत्या. प्रत्येक माणसाचे तळहात वेगळ्या घडणीचे. सख्ख्या भावंडांचे सगळेच्या सगळे जुळायची शक्यता चारात एक. हळूबाईंचे धाकट्याशी तंतोतंत जुळले. निकाल ऐकल्यावर त्या इस्पितळाच्या बाकावर किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मग उठून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कधी यायचं?" ओळखीतल्या कुणीच त्यांना इतका झटपट प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं.

मज्जा दिली, धाकट्याच्या अंगात ती रुजली, रक्त हळूहळू तयार व्हायला लागलं. "आता मीही तुझ्यासारखा रांगत चालणार," असं तो काचेच्या दाराआडून ओरडून सांगायचा. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच दुसरंच झेंगट उभं राहिलं. एक विषाणू असा असतो की तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि पुढं जन्मभर गरीब भाडेकरूसारखा गपचूप पडून राहतो. गस्तवाले आहेत तोवर त्याची हूं की चूं नसते. धाकट्याचे जुने गस्तवाले औषधांनी संपवले होते, नवे अजून पुरते आले नव्हते, आणि हा भाडेकरू उठून बसला.

डॉक्टरीणबाईंनी हळूबाईंना समोर बसवून स्वच्छ सांगितलं. "विषाणूवर औषध आहे, ते चालू आहे. पण ते औषध नव्या मज्जेलाही दमवतं. तुमच्या टी पेशींपैकी या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी त्याच्या रक्तात उभ्या राहिल्या असतील, तर मी औषध थांबवेन. त्या सांभाळतील. नसतील, तर औषध थांबवता यायचं नाही, आणि मज्जा ते किती दिवस सोसेल मला सांगता येत नाही."

"आणि नाही सोसलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. आणि त्याची ताकद तेवढी उरलेली नाही, ताई. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही."

पेशी आहेत की नाहीत हे बघायचा मार्ग एकच होता, चौकडी. आणि त्या विषाणूची, त्या घडणीची चौकडी शहरात एकाच ठिकाणी तयार व्हायची.

प्रयोगशाळेचे सर भला माणूस. त्यांनी हळूबाईंना बोलावून विचारलं, "जुनी चौकडी संपलीय, नवी लागेल. या खेपेला दुसऱ्या कुणाला सांगू का? तुमच्या मनाची अवस्था मला कळते."

"नको," हळूबाई म्हणाल्या. "माझ्या भावाची आहे. मीच करणार."

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि होकार दिला. दोघांचंही इथंच चुकलं असं पुढं म्हणता आलं असतं. पण बहिणीला नको म्हणायला कुणाची जीभ रेटणार?

घडी नीट बसली. मग प्रत्येक तळहाताला एक बारीक हूक लावायचा असतो. त्या हुकानं तो रंगीत प्रोटीनच्या खाचेत अडकतो. त्या प्रोटीनला खाचा चार, म्हणून तळहात चार. हूक लावून झाले की उरलेले मोकळे हूक काढून टाकावे लागतात, नाहीतर तेच खाचांमध्ये आधी जाऊन बसतात आणि तळहातांना जागा उरत नाही. त्यासाठी सगळा द्रव एका पातळ पिशवीत भरून ती पिशवी खाऱ्या पाण्याच्या भांड्यात सोडतात. मोकळे हूक पिशवीतून झिरपून बाहेर पडतात. मग भांड्यातलं पाणी ओतून ताजं भरायचं, पिशवी परत सोडायची. असं पुन्हा पुन्हा. महाकंटाळवाणं काम, आणि हळूबाईंच्या खास आवडीचं.

शेवटचं पाणी बदलायची वेळ झाली होती. त्यांनी पिशवी उचलून एका ताटलीत ठेवली आणि ताज्या पाण्याच्या बाटलीकडे हात नेला, इतक्यात फोन वाजला. भावजय होती. "ताई, यांना हुडहुडी भरलीय, ताप चढतोय, डॉक्टर आल्यात..." पुढचं रडण्यात विरून गेलं. हळूबाईंनी फोन कान आणि खांद्यात धरला, "आले, आले" म्हणत पिशवी पाण्यात सोडली, स्वेटर अंगात तसेच ठेवून बाहेर पडल्या आणि इस्पितळाचा जिना धावत चढल्या. ताप संध्याकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी त्या कामावर येऊन पुढच्या पायरीला लागल्या आणि चौकडी बांधून मोकळ्या झाल्या.

एरवी नवी चौकडी आधी साठवणीतल्या रक्तावर पारखून मगच वापरायची पद्धत होती. पण इस्पितळातून धाकट्याच्या रक्ताची नळी येऊन बसली होती, आणि ताज्या रक्ताला थांबवून ठेवता येत नाही. सर म्हणाले, "पारख आणि तपासणी एकदमच होऊ दे. शेजारी हळूबाईंची नळी आहेच."

ही हळूबाईंची नळी म्हणजे काय, तर तो भाडेकरू त्यांच्याही अंगात होता आणि त्याला ओळखणाऱ्या टी पेशी त्यांच्या रक्तात भरपूर. म्हणून दर तपासणीला शेजारी त्यांचं रक्त लावायचा शिरस्ता होता. त्यात चमकणाऱ्या पेशींचे ठिपके पडद्यावर दिसायलाच हवेत. न दिसले तर दोष रोग्याचा नव्हे, चौकडीचा.

लेझरच्या यंत्रावर जो गृहस्थ बसायचा त्याला सगळे बहुतेकराव म्हणत. चहा घेणार का विचारलं तरी तो "बहुतेक" म्हणायचा, आणि लग्न झालंय का विचारलं तेव्हाही तेच म्हणाला होता असं सांगतात. त्यानं धाकट्याची नळी आधी लावली. पडद्यावर ठिपक्यांचे ढग उमटायला लागले, हर प्रकारच्या पेशींचे. वरचा उजवा कोपरा, जिथं चमकणाऱ्या पेशींनी यायचं, तो रिकामा होता. बहुतेकराव बघत राहिला. सर बघत राहिले. हळूबाई दारात उभ्या होत्या. कोपरा रिकामाच राहिला.

"काही नाही?" हळूबाईंनी विचारलं.

बहुतेकराव मान खाली घालून म्हणाला, "नाही हो, ताई."

सरांनी खुर्ची सरकवली, त्या बसल्या. आपली मज्जा गेली, आपलं रक्त गेलं, आणि ज्या कामासाठी गेलं ते झालंच नाही. आता औषध चालूच राहणार, आणि एक दिवस डॉक्टरीणबाई पुन्हा समोर बसवून स्वच्छ काहीतरी सांगणार. त्यांना रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती.

"अजून तुमची नळी राहिलीय," सर हळूच म्हणाले.

आणि तेव्हा हळूबाईंच्या लक्षात आलं की सगळं आता त्यांच्याच नळीवर येऊन ठेपलंय. तिच्यात ठिपके दिसले, तर चौकडी उत्तम आणि भावाची आशा संपली. दिसले नाहीत, तर चौकडी बिघडलेली, आणि भावाबद्दल अजून कुणाला काहीच ठाऊक नाही. इतक्या वर्षांत ज्या बाईनं एक थेंब वेडावाकडा पडू दिला नाही, तिनं त्या खुर्चीत बसून मनोमन हात जोडले: माझ्या हातून चूक झालेली असू दे. मोठी होऊ दे. नाक कापलं जाऊ दे.

बहुतेकरावानं नळी लावली. ढग उमटले. हळूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"सर," बहुतेकराव चक्रावून म्हणाला, "हे कसं काय? हळूबाईंचाही कोपरा रिकामा."

हळूबाई ज्या उठल्या त्या थेट थंड खोलीत. मागून सर. फडताळावर खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती, सगळ्या सारख्या. म्हणून इतके दिवस कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. त्यांनी एक एक बाटली फिरवून पाहिली. शेवटून दुसरीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, शेवटचं पाणी. बाटली काठोकाठ भरलेली. झाकणही उघडलेलं नव्हतं.

"जुन्याच पाण्यात परत सोडली मी पिशवी," त्या म्हणाल्या. "हुकांच्या पाण्यात. फोन आला, आणि मी तशीच परत सोडली. सर, माझं चुकलं! माझंच चुकलं!" आणि ती बाटली छातीशी धरून त्या रडायला लागल्या, हसायला लागल्या, दोन्ही एकदम.

"चुकल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही," सर म्हणाले.

पण आनंद एकटा आला नव्हता. नवी चौकडी पहिल्यापासून करायची म्हणजे आठवडा सहज जाणार, आणि तोवर डॉक्टरीणबाईंना औषध चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांनी फोनवर तसं सांगितलं तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "थांबते. पण मज्जा थकायला लागलीय. पुढच्या नमुन्याला तरी चुकू नका." म्हणजे हळूबाईंच्या चुकीची किंमत धाकट्याच्या हाडांतून जाणार होती. हे त्यांना इतकं लागलं की त्या दिवशी घरी न जाता त्या सरळ इस्पितळात गेल्या, गाऊन घातला, मास्क बांधला आणि भावाच्या खाटेशी बसून घडलं ते सगळं सांगून टाकलं.

धाकटा वाळून काटकी झाला होता. डोळे मात्र तेच.

"थांब, थांब. तू घाई केलीस?" तो म्हणाला. "तू?"

"फोन आला रे..."

"ताईनं घाई केली!" तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, खोकता खोकता बायकोला खुणावू लागला. "अगं ऐकलंस का? भिंतीवर लिहून ठेव. उद्या कुणी विश्वास ठेवायचं नाही." मग दम खाऊन तो म्हणाला, "हे बघ, आठवडाभर औषध घ्यायचं ना, घेतो. तू आपली तुझ्या चालीनं कर. माझ्यासाठी धावू नकोस. तुला जमत नाही ते."

भावजय म्हणाली, "ताई, फोन मीच केला होता हो..."

"तू केलास ते बरोबरच केलंस," हळूबाई म्हणाल्या. "पुन्हा ताप आला तर पुन्हा करायचा. फक्त तो फोन आता सर उचलतील."

आणि तसंच ठरलं. हळूबाई थंड खोलीत शिरताना फोन सरांच्या टेबलावर ठेवत. सर मोठे विद्वान, पण त्या आठवड्यात त्यांनी भावजयीचे निरोप घेतले, हळूबाईंच्या नवऱ्याला किल्ली कुठं आहे ते सांगितलं, आणि एकदा लिंबं आणायची आठवणही पोचवली. शेवटचं पाणी बदलायच्या वेळी ते स्वतः दारात येऊन उभे राहिले. "बघायला नाही आलो हां," ते म्हणाले, "सहज आलोय." हळूबाईंनी पिशवी ताटलीत काढली, जुनं पाणी मोरीत ओतलं, भांडं विसळलं, नवी बाटली उघडली आणि सरांसमोर ती उलटी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली. सरांची हसून पुरेवाट झाली. मग रंगीत प्रोटीन मिसळायचं, तेही एकदम नाही, थोडं थोडं, मध्ये थांबत थांबत. त्या थांबण्यात हळूबाईंनी मनाला सांगितलं की आपल्या हातात एवढंच आहे. मज्जा देऊन झाली, चौकडी करून झाली. धाकट्याच्या रक्तात काय झालंय ते तिथं आधीच होऊन गेलंय.

या वेळी त्यांची स्वतःची नळी आधी लावली. वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा दाट झुपका बसला. सर म्हणाले, "चला, पोरं घरी आली." चौकडी खणखणीत होती. म्हणजे आता पळवाट नव्हती. या पुढच्या नळीत जे दिसेल ते खरं.

बहुतेकरावानं धाकट्याची नळी लावली. खालचे ढग भरायला लागले. कोपरा रिकामा होता. मग एक ठिपका पडला. एका ठिपक्यानं काही होत नाही, यंत्र कधीकधी उगाचही टाकतं, हे हळूबाईंना पाठ होतं. दुसरा पडला. तिसरा बाजूलाच. मग ते पडतच गेले, दाट नव्हेत, विरळ, पण एकाच जागी, जिथं मघाशी त्यांचे स्वतःचे होते तिथंच.

"आहेत," बहुतेकराव म्हणाला. त्यानं खुर्ची फिरवली आणि पुन्हा म्हणाला, "ताई, आहेत."

सर आधीच डॉक्टरीणबाईंचा नंबर लावत होते. हळूबाई पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगातून निघालेल्या पेशी, परक्या हाडांत जाऊन राहिलेल्या, तिथं वाढलेल्या, तिथल्या शत्रूला ओळखायला लागलेल्या. वर्षानुवर्षं त्यांनी किती जणांचे ठिपके पाहिले होते. हे ठिपके त्यांना हात लावून बघावेसे वाटले, आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलंही. बहुतेकरावाला पडद्यावर बोटं उमटलेली खपत नसत, पण त्यानं खुर्ची मागं घेऊन त्यांना जागा करून दिली.

संध्याकाळी त्या इस्पितळात पोचल्या तोवर डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली उतरवलेली होती. भावजय बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपी गेली होती, किती दिवसांनी कोण जाणे. हळूबाईंनी तिला उठवलं नाही. गाऊन घालून त्या आत गेल्या.

"काय दिसतं गं त्यात?" धाकट्यानं विचारलं. "डॉक्टर नुसतं, आहेत आहेत, म्हणाल्या."

"ठिपके दिसतात. माझ्याइतके नाहीत अजून. पण वाढतील."

"मग ते ठिपके कुणाचे म्हणायचे? तुझे का माझे?"

"माझे माझ्यापाशी आहेत की," हळूबाई म्हणाल्या. "ते तुझे."

तो हसला. खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायच्या आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याला हात करून दाखवत होतं. तो तिकडं बघत राहिला. आजारी पडल्यापासून त्यानं डॉक्टरांना, बायकोला, बहिणीला, सगळ्यांना हसवलं होतं, पण एक प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. तो त्यानं आता विचारला, खिडकीकडे बघतच.

"म्हणजे मी मरणार नाही ना, ताई?"

हळूबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि या माणसाशी तर नाहीच नाही. पुढं काय वाढून ठेवलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"यानं नाही," त्या म्हणाल्या. "यानं नाही मरायचास तू."

"बस्स," धाकटा म्हणाला. "एवढंच ऐकायचं होतं." आणि तो रडायला लागला, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून. हळूबाईंनी हातमोजे घातलेल्या हातांनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि त्याचं रडणं संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.